मुलाला हर्निया समजावून सांगताना

जांघेत फुगवटा आलेल्या मुलाला सर्वांत आधी सांगायचे ते हे की, यात त्याची काहीही चूक नाही. लहान मुले आजाराचा संबंध आपल्या खोड्यांशी चटकन जोडतात. त्यात ‘कलमावर चढलास म्हणून झाले’ असे घरातले कोणी बोलले, तर ते मूल पुढे दुखू लागले तरी तोंड उघडत नाही. खरे कारण जन्माआधीचे असते. आईच्या पोटात असताना मुलग्यांच्या वृषणग्रंथी खाली उतरतात आणि त्यांच्याबरोबर पोटाच्या अस्तराची एक पिशवीही जांघेत येते. एरवी ती आपोआप मिटते; उघडी राहिली, तर आतड्याचा भाग तिच्यात उतरू शकतो. म्हणूनच हा हर्निया मुलींपेक्षा मुलग्यांत आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांत अधिक आढळतो.

मुलाला एवढे शरीरशास्त्र नको. आजीचा पानसुपारीचा बटवा मागून घ्यावा, त्यात सुपारी घालावी, नाडी अर्धवटच ओढावी आणि बटवा खालून दाबायला मुलालाच सांगावे. सुपारी तोंडाशी येते, बोटाने लोटली की आत जाते आणि दाबले की पुन्हा वर येते. तू खोकतोस, रडतोस किंवा शौचाला जोर करतोस तेव्हा पोटात असाच दाब येतो, निजलास की कमी होतो, हे सांगायला मग फार शब्द लागत नाहीत. डॉक्टर काय करणार, असे त्याने विचारले तर नाडी आवळून दाखवावी. शस्त्रक्रियेतही त्या पिशवीचे तोंड बांधूनच टाकतात. ‘माझी सुपारी बाहेर पडली तर?’ असाही प्रश्न येईल. त्यावर हसू नये. ‘नाही रे बाळा, वर तुझी कातडी आहे ना, बाहेर काही पडत नाही,’ असे सरळ सांगावे आणि ‘भोक पडले’, ‘फाटले’ हे शब्द टाळावेत.

बेंबीचा हर्निया वेगळा. तो बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपणहून मिटतो. त्यावर नाणे बांधून उपयोग होत नाही, उलट कातडी चिघळते. जांघेतला मात्र आपणहून जात नाही.

घरात आजोबांचे हर्नियाचे ऑपरेशन झालेले असेल, तर ‘त्यांना आत जाळी बसवली’ हे मुलाच्या कानावर आलेलेच असते आणि कोळीवाड्यातल्या मुलाच्या डोळ्यांपुढे जाळी म्हटल्यावर काय उभे राहते, ते निराळे सांगायला नको. आजोबांचे स्नायू वयाने सैल झाले होते म्हणून त्यांना आधार लागला, लहान मुलांना सहसा जाळी लागत नाही, हे त्याला आवर्जून सांगावे.

शस्त्रक्रियेविषयी खोटे बोलू नये. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जातो आहोत असे सांगून मालवणातून निघायचे आणि मुलाला थेट इस्पितळाच्या खाटेवर बसवायचे, ही युक्ती एकदाच चालते. पुढे ते मूल साध्या लसीलाही हात पुढे करत नाही. सुई टोचेल, थोडे दुखेल, मग औषधाने गाढ झोप लागेल आणि झोपेत काही कळणार नाही, असे एक-दोन दिवस आधी सांगावे. सकाळी पेज का मिळणार नाही, तेही सांगावे: भूल देताना पोटात अन्न असेल, तर ते उलटून श्वासनळीत जाऊ शकते.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडून म्हणवून घ्यावी. गाठ कडक झाली, दुखू लागली, निजल्यावरही आत गेली नाही किंवा उलट्या सुरू झाल्या, तर घरी आईला आणि शाळेत बाईंना त्याच क्षणी सांगायचे. जागा लाजेची आहे म्हणून थांबायचे नाही. अशा वेळी मोठ्यांनीही गाठ दाबत किंवा शेकत बसू नये. आतड्याचा रक्तपुरवठा अडकलेला असू शकतो, त्यामुळे रात्र असो वा पाऊस, शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय तातडीने गाठावे.

समुद्रात पुन्हा कधी डुंबायचे, हे मुलाने स्वतःच डॉक्टरांना विचारावे. आईने घातलेल्या बंदीपेक्षा डॉक्टरांनी दिलेली तारीख ते अधिक निमूटपणे पाळते.