ताठरतेच्या गोळ्या: या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर हळूच विचारतात, 'यातली जास्त पॉवरची कोणती?' इथेच पहिली चूक होते. ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल या दोन्ही गोळ्या शिश्नातला रक्तप्रवाह वाढवतात. मुख्य फरक वेळेचा आहे. सिल्डेनाफिल साधारण तासाभराने लागू पडते आणि चार-पाच तासांत ओसरते, टाडालाफिलचा परिणाम ३६ तासांपर्यंत टिकतो. त्यामुळे पाकिटावरच्या मिलिग्रॅमवरूनही तुलना करू नका. ५० ची सिल्डेनाफिल १० च्या टाडालाफिलपेक्षा पाचपट जोरदार नसते.

'गोळी घेतली, काहीच झालं नाही' ही तक्रार नेहमीची. आधी जेवण आठवा. तेलकट, तुपकट जेवणावर सिल्डेनाफिल घेतली तर ती उशिरा आणि कमी चढते. टाडालाफिलला जेवणाने फरक पडत नाही. शिवाय मनात इच्छा आणि स्पर्श नसेल, तर गोळी एकटी काही करत नाही. एका रात्रीत निकाल लावू नका, आणि मनाने दुसरी गोळी तर मुळीच घेऊ नका. डोस वाढवायचा की औषध बदलायचं, ते डॉक्टर ठरवतील.

आता सगळ्यात जिवावरची चूक. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट अनेक घरांत असते. ती नायट्रेट आहे, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध. या गोळ्यांसोबत ती घेतली तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. निकोरँडिल हे छातीतल्या दुखण्यावरचं औषध घेणाऱ्यांनाही या गोळ्या चालत नाहीत. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट टाळावं लागतं. म्हणून छातीत दुखून दवाखान्यात गेलात, तर कोणती गोळी किती वाजता घेतली हे लगेच सांगा. बायकोमुलांसमोर संकोच वाटत असेल, तर त्यांना क्षणभर बाहेर थांबायला सांगा, पण लपवू नका. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर तेही आधीच सांगून ठेवा.

'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये तपासणीत चक्क सिल्डेनाफिल सापडलेलं आहे. हृदयरोग्याला ते कळणार कसं?

आणि तपासण्या टाळू नका. ताठरता कमी होणं ही मधुमेहाची किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होत असल्याची पहिली खूण असू शकते. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल बघून घ्या. ताठरता चार तासांहून जास्त टिकली किंवा अचानक दिसेनासं झालं, तर सकाळची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.