स्विस फ्रँकची नाणी: नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी

नोकरीसाठी अथवा शिक्षणासाठी स्वित्झर्लंडमध्ये येणारी मराठी मंडळी निवासपरवाना, घरभाडे आणि आरोग्यविमा यांची चौकशी निघण्यापूर्वीच करून ठेवतात. खिशात पडणाऱ्या नाण्यांकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही, कारण आता सगळे व्यवहार कार्डावर किंवा फोनवर होतात असा समज असतो. तो बहुतांशी खराही आहे. तरीसुद्धा दुकानातील ट्रॉली सोडवताना, जुन्या इमारतीच्या सामाईक धुलाईखोलीत, किंवा शेताच्या कडेला विक्रेत्याविना मांडलेली भाजी घेऊन तिथल्या पेटीत पैसे टाकताना नाणीच लागतात. शिवाय या नाण्यांचे काही विक्षिप्त वाटणारे गुण आहेत, आणि इतिहास ठाऊक असल्याशिवाय त्यांचा उलगडा होत नाही. म्हणून इतिहासापासूनच सुरुवात करतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या देशाला एक असे चलन नव्हते. प्रत्येक कँटन, म्हणजे इथले घटक राज्य, स्वतःची नाणी पाडत असे. त्यांत शेजारच्या फ्रेंच आणि दक्षिण जर्मन नाण्यांची भर पडे, आणि एका कँटनमधून दुसऱ्यात जाणाऱ्या व्यापाऱ्याला पावलोपावली बट्टा सोसावा लागे. आपल्याकडच्या संस्थानी नाण्यांच्या काळाची कल्पना केली, तर ही स्थिती समजायला फार वेळ लागणार नाही. नेपोलियनच्या प्रभावाखाली 1798 मध्ये स्थापन झालेल्या हेल्वेटिक प्रजासत्ताकाने फ्रँक हे नाव आणून पाहिले, पण ते प्रजासत्ताकच अल्पायुषी ठरले आणि नाणी पाडण्याचा अधिकार पुन्हा कँटनांकडे गेला. 1848 च्या संघराज्यीय घटनेने तो अधिकार कायमचा काढून घेऊन मध्यवर्ती सत्तेकडे सोपवला.

प्रश्न उरला तो कोणता नमुना घ्यायचा याचा. पूर्वेकडील कँटनांचा व्यापार दक्षिण जर्मनीशी होता, म्हणून त्यांना गुल्डन हवा होता. पश्चिमेकडच्यांना फ्रान्सच्या दशमान पद्धतीचा फ्रँक हवा होता. बाझलचे बँकर योहान याकोब श्पायझर यांनी या बाबतीतले तज्ज्ञ म्हणून फ्रँकचा कौल दिला, आणि 7 मे 1850 च्या नाणे कायद्याने पाच ग्रॅम वजनाची, दहात नऊ भाग शुद्ध चांदी म्हणजे एक फ्रँक, आणि शंभर रापेन म्हणजे एक फ्रँक, असे ठरवले. नव्या देशाची पहिली नाणी मात्र देशात पडली नाहीत. ती पॅरिस आणि स्ट्रासबूर्गच्या टांकसाळींत पाडून आणावी लागली. आज चलनातली नाणी बर्नमधील स्विसमिंट ही सरकारी टांकसाळ पाडते. नोटा काढण्याचे काम 1907 मध्ये सुरू झालेल्या स्विस नॅशनल बँकेचे आहे. नाण्यांचा अधिकार आजही संघराज्य सरकारचाच आहे.

आता प्रत्यक्ष नाणी हातात घेऊ. एकूण सात आहेत: 5, 10 आणि 20 रापेन, अर्धा फ्रँक, आणि 1, 2 व 5 फ्रँक. नवागत हमखास फसतो तो अर्ध्या फ्रँकवर. हे नाणे 18.2 मिलिमीटर व्यासाचे आणि 2.2 ग्रॅम वजनाचे आहे, म्हणजे 20 रापेनच्याच नव्हे तर 10 रापेनच्या नाण्यापेक्षाही लहान आणि हलके. आकारावरून किंमत ओळखण्याची आपली सवय इथे दगा देते, आणि घाईगर्दीत माणूस दहा रापेन समजून पन्नास रापेन देऊन मोकळा होतो. याचे मूळ चांदीत आहे. अर्धा, एक आणि दोन फ्रँक ही नाणी चांदीची होती. त्यांची किंमत धातूच्या वजनावर ठरत असल्याने एकाचे वजन दुसऱ्याच्या नेमके दुप्पट ठेवलेले होते. 10 आणि 20 रापेन ही हलक्या धातूची सुटी नाणी. त्यांना हा नियम लागू नव्हता. पुढे चांदी गेली, पण प्रमाण राहिले: आजही अर्धा फ्रँक 2.2, एक फ्रँक 4.4 आणि दोन फ्रँक 8.8 ग्रॅम भरतो. ओळखायची सोपी खूण कडेवर आहे. अर्धा, एक आणि दोन फ्रँकच्या कडेला बारीक खाचा आहेत, तर रापेनच्या तिन्ही नाण्यांची कड गुळगुळीत आहे; थोड्या सवयीने खिशातल्या खिशात बोटानेच फरक कळू लागतो.

दुसरी गोंधळाची बाब म्हणजे रापेनच्या नाण्यांवर फक्त आकडा असतो, एककाचे नाव कुठेच नसते. जर्मन भाषक ज्याला रापेन म्हणतात त्यालाच फ्रेंच भाषक सांतीम आणि इटालियन भाषक चेंतेझिमो म्हणतात. चार राष्ट्रभाषांच्या देशात कोणा एकीला नाण्यावर मान देण्याऐवजी देशाचे नाव लॅटिनमध्ये, कॉन्फोएदेरात्सिओ हेल्वेतिका असे, घातलेले आहे. पगारपत्रकावर दिसणाऱ्या सीएचएफ या संक्षेपातली पहिली दोन अक्षरे याच नावाची आहेत.

अर्धा, एक आणि दोन फ्रँकच्या नाण्यांवर भाला आणि ढाल घेऊन उभी असलेली हेल्वेतिया, म्हणजे देशाचे स्त्रीरूप, आहे, आणि तिच्याभोवती ताऱ्यांचे कडे आहे. हाती आलेल्या दोन नाण्यांवरचे तारे एकदा अवश्य मोजून पाहावेत. 1982 पर्यंतच्या नाण्यांवर 22 तारे आहेत आणि 1983 पासून 23. मधल्या काळात, 1 जानेवारी 1979 रोजी, बर्नपासून वेगळे होऊन जुरा हे नवे कँटन अस्तित्वात आले होते. त्याचा तारा नाण्यावर चढायला चार वर्षे लागली. कँटन 26 असताना तारे 23 कसे, असा प्रश्न आपल्याला पडेल. सहा कँटन परंपरेने अर्धी गणली जातात, त्यामुळे बेरीज बरोबर जुळते.

या देशाचा संथपणा सर्वांत स्पष्ट दिसतो तो 10 रापेनच्या नाण्यात. त्याचे रूप 1879 पासून बदललेले नाही. एका बाजूला मुकुटपट्टी बांधलेला स्त्रीमुखवटा आणि त्या पट्टीवर अगदी बारीक अक्षरांत कोरलेला लिबेर्तास, म्हणजे स्वातंत्र्य, हा शब्द. दुसऱ्या बाजूला पानांच्या वेढ्यात आकडा. मधल्या काही वर्षांत धातू बदलला गेला, पण 1879 साली पाडलेले नाणे आज कोणाच्या हाती आले तर ते कायदेशीर चलनच आहे, आणि मूळ रूपात चलनात टिकून राहिलेले जगातले सर्वांत जुने नाणे म्हणून त्याची गिनीज विक्रमांत नोंद झालेली आहे. माझा अनुभव असा की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले दहा रापेन सुट्या पैशांत मिळणे हे इथे नवल नाही. मुलांना नाणी जमवण्याचा नाद लावायचा असेल, तर याहून स्वस्त साधन मिळणार नाही.

चांदीच्या नाण्यांचे मात्र तसे नाही. 1960 च्या दशकात चांदीचा भाव इतका चढला की नाण्यातल्या धातूची किंमत नाण्याच्या किमतीला मागे टाकू लागली आणि लोकांनी नाणी घरात दडवायला सुरुवात केली. म्हणून 1968 पासून तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूची नाणी आली आणि चांदीची नाणी पुढे चलनातून बाद झाली. बाजारात किंवा घरमालकिणीच्या जुन्या डब्यात 1967 चा किंवा त्याआधीचा अर्धा, एक, दोन किंवा पाच फ्रँक सापडला, तर तो यंत्रात टाकण्याचा खटाटोप करू नये; त्याची किंमत आता चांदीच्या भावाने ठरते.

पाच फ्रँकचे नाणे हा स्विस माणसाचा खास जिव्हाळ्याचा विषय आहे. जर्मन भागात त्याला फ्युन्फलीबर म्हणतात आणि फ्रेंच भागात त्यून. ही नावे कानावर पडली तर बावरून जाऊ नये. लॅटिन नाणेसंघ या नावाचा एक करार फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंड यांनी 1865 मध्ये केला होता आणि त्याअन्वये या देशांची नाणी एकमेकांच्या देशांत चालत. पहिल्या महायुद्धाने हा संघ खिळखिळा झाला आणि 1927 मध्ये तो औपचारिकपणे संपला. त्या संक्रमणकाळात, 1922 मध्ये, शिल्पकार पाउल बुर्कहार्ट यांच्या आराखड्याचे नवे पाच फ्रँक आले. त्यावरचा टोपडेधारी पुरुष म्हणजे स्विस दंतकथेतला वीर विल्हेल्म टेल आहे असे अनेक स्विस लोकही सांगतात. प्रत्यक्षात तो आल्प्समधला एक साधा गुराखी आहे. कडेवर ‘दोमिनुस प्रोविदेबित’, म्हणजे परमेश्वर तजवीज करील, ही अक्षरे उठावात आहेत. 1985 ते 1993 या काळात हीच अक्षरे उठावाऐवजी खोलगट होती. त्यांची नक्कल करणे सोपे गेल्याने ती नाणी 2004 पासून बाद ठरवण्यात आली. मोठ्या रकमेचे जुने नाणे हातात आले की कडेवरून बोट फिरवून पाहण्याची सवय म्हणूनच चांगली.

खालच्या टोकाला 5 रापेन आहे, 1981 पासून पिवळ्या धातूचे. एक रापेनचे नाणे 2007 च्या आरंभी चलनातून गेले, दोन रापेनचे त्याआधीच, 1978 मध्ये. पाच रापेनचे नाणे पाडायला त्याच्या किमतीहून अधिक खर्च येतो म्हणून तेही बंद करावे, असा प्रस्ताव सरकारने या शतकाच्या पहिल्या दशकात मांडला होता. विरोध इतका झाला की तो मागे घ्यावा लागला. परिणाम असा की रोखीचे हिशोब पाचच्या पटीत होतात, दुकानातल्या किमती 4.95 अशा असतात, आणि परतीचे पाच रापेन रोखपाल न चुकता हातावर ठेवतो. ‘राहू द्या’ म्हणून निघून गेलेले इथे चालते, पण पाच रापेन कमी पडले म्हणून ‘चालेल हो’ म्हणून सोडून देतील, ही अपेक्षा ठेवू नये.

नोटांविषयी थोडक्यात. 10, 20, 50, 100, 200 आणि 1000 फ्रँकच्या नोटा आहेत, आणि 2016 ते 2019 या काळात आलेल्या सध्याच्या नवव्या मालिकेवर कोणा व्यक्तीचे चित्र नाही. प्रत्येक नोटेवर हात आणि पृथ्वीगोल आहेत. आधीची आठवी मालिका 30 एप्रिल 2021 नंतर दुकानांत चालत नाही, पण नॅशनल बँक ती कोणत्याही मुदतीविना बदलून देते. पूर्वी येऊन गेलेल्या नातेवाइकाने जपून ठेवलेल्या नोटा यामुळे वाया जात नाहीत. हजाराची नोट कायदेशीर असली तरी भाजीवाल्यापुढे धरू नये. लहान दुकाने ती नाकारतात आणि तशी पाटीही लावतात. नाण्यांच्या बाबतीत कायदा असा की एका व्यवहारात शंभरापर्यंत नाणी घेणे समोरच्यावर बंधनकारक आहे. हा हक्क आहे म्हणून सायंकाळच्या गर्दीत तो बजावावाच असे नाही.

लिहिण्याची पद्धतही ध्यानात ठेवावी. फ्रँक आणि रापेन यांच्यामध्ये टिंब येते, आणि हजारांच्या गटासाठी स्वल्पविराम नव्हे तर वरचे चिन्ह येते, जसे 1'250'000. लाख-कोटींच्या अंगाने वाचणाऱ्या डोळ्यांना घरभाड्याच्या करारनाम्यात हे चटकन उमगत नाही. रकमेच्या शेवटी आडवी रेघ असेल तर त्याचा अर्थ शून्य रापेन, एवढाच.

सोन्याची ओढ असलेल्यांसाठी व्रेनेली या नाण्याची माहिती आवश्यक आहे, कारण दसरा-पाडव्याच्या सुमारास त्याविषयी हमखास विचारणा होते. 1897 ते 1949 या वर्षांची छाप असलेले हे वीस फ्रँकचे सुवर्णनाणे. आराखडा न्यूशातेलचे पदककार फ्रिट्झ उलिस लांद्री यांचा. वजन 6.45 ग्रॅम, शुद्धता हजारात 900, म्हणजे शुद्ध सोने 5.8 ग्रॅमच्या आसपास. बँकांत आणि नाणेविक्रेत्यांकडे ते मिळते. आपल्या सराफाच्या चोवीस कॅरटच्या अपेक्षेत ते बसत नाही, आणि दुर्मिळ वर्षांची जादा किंमत जाणकाराखेरीज कोणी देत नाही; तेव्हा सामान्य वर्षाचे नाणे सोन्याच्या भावाच्या जवळपास मिळत असेल तरच घ्यावे, असे माझे मत आहे.

सुटी नाणी साठू लागली की ती बँकेच्या शाखेतील नाणी मोजणाऱ्या यंत्रात भरता येतात, पण काही बँका त्यासाठी शुल्क कापून घेतात, हे आधी विचारून घ्यावे. नॅशनल बँकेच्या बर्न आणि झ्युरिक येथील खिडक्यांवरही नाणी स्वीकारली जातात. भारतात सुटीवर जाण्यापूर्वी ती शिल्लक अवश्य संपवावी किंवा नोटांत बदलून घ्यावी, कारण परदेशी चलन बदलून देणारे नोटा घेतात, नाण्यांना सहसा हात लावत नाहीत. आणि पाच फ्रँकची चार-सहा नाणी पाकिटाच्या तळाशी पडून राहिली, तर ती रक्कम अगदीच किरकोळ नसते.