सुनावणीला जाण्याआधी वस्तीनं करायची तयारी

शहराचा विकास आराखडा किंवा त्यातला बदल ठरवताना महापालिका नोटीस काढून लोकांच्या हरकती मागवते आणि त्यांवर सुनावणी घेते. ही नोटीस कोणत्या कलमाखाली निघाली आहे, ते सगळ्यात आधी पाहा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधल्या कलम २६ ची असेल, तर अख्खा प्रारूप (म्हणजे कच्चा) विकास आराखडा लोकांसमोर आलेला असतो आणि पुढची वीसेक वर्षं त्यावरच शहर चालणार असतं. कलम ३७ ची असेल, तर मंजूर आराखड्यातला किंवा बांधकामाच्या नियमावलीतला एखादाच फेरबदल असतो: एका भूखंडाचं आरक्षण (उद्यान, शाळा अशा कामासाठी तो राखून ठेवणं) उठवायचं आहे, एखादा नियम बदलायचा आहे. पहिल्या नोटिशीची चर्चा गावभर होते, दुसरी सहज नजरेतून सुटते. तिच्यावर हरकत द्यायची मुदत असते फक्त एक महिना. गावठाणं, पेठा, चाळींचे भाग अशा छोट्या फेरबदलांनीच हळूहळू वेगळे होत जातात. तेव्हा शेवटची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून फळ्यावर, जिन्यात, दुकानाच्या दारावर लावा.

मग माणसं गोळा करा, आणि फक्त घरमालक नकोत. हरकत 'कोणतीही व्यक्ती' घेऊ शकते असं कायदाच म्हणतो. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव असायची अट नाही. भाडेकरू, पागडीवाले, गाळा चालवणारे, फेरीवाले, रोज त्या रस्त्यानं शाळेत जाणाऱ्या मुलांचे आईबाप या सगळ्यांना हा हक्क आहे. मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पुनर्विकासात पहिला धक्का ज्यांना बसतो तेच 'आपलं काय चालणार' म्हणून घरी थांबतात. बैठक संध्याकाळी उशिरा ठेवा, म्हणजे कामावरून येणाऱ्यांना जमेल.

नकाशे मिळवा. आराखड्याचा आपल्या भागाचा शीट क्रमांक, सिटी सर्व्हे नंबर, विद्यमान जमीन वापराचा नकाशा आणि नियमावलीतली संबंधित पानं, एवढं हाती असावं. मग तो जमीन वापराचा नकाशा घेऊन गल्लीगल्लीतून चाला. नकाशावर मोकळी दिसणारी जागा खरंच मोकळी आहे का? दवाखाना, अंगणवाडी, सार्वजनिक शौचालय, विहीर, जुनं झाड जागच्या जागी दाखवलं आहे का? मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचं पहिलं प्रारूप २०१५ मध्ये आलं, तेव्हा त्यातल्या चुका नागरिकांनी दाखवून दिल्या आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्य सरकारनं ते नव्यानं करायला लावलं. पायी फिरून केलेल्या पाहणीत एवढी ताकद असते. फोटो काढा, प्रत्येक फोटोवर तारीख आणि जागा लिहा.

आता नियमांकडे. मुंबईला स्वतःची नियमावली आहे. राज्यातल्या इतर बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत नियमावली लागू आहे. तिची पानं पाहून दडपण येतं, पण शहराच्या मधल्या, जुन्या वस्तीनं तीन गोष्टींवर बोट ठेवलं तरी पुष्कळ: एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते), सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) आणि रस्त्याची रुंदी. त्यातही रुंदी आधी बघा. समोरचा रस्ता जितका रुंद, तितकं जास्त बांधकाम आणि टीडीआर (दुसरीकडच्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला, इथे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो, आणि नऊ मीटर ही त्यातली मोठी पायरी. २०२० मध्ये पुण्यात सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव आला, त्यामागचं कारण हेच. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली अशी रस्तारेषा, म्हणजे रस्त्याची नवी हद्द, आखता येते. कागदावर ती एका दिवसात आखली जाते. गल्लीत मात्र रुंदीकरणाला लागणारी जमिनीची पट्टी घरं पुन्हा बांधायला निघतात तसतशी, एकेक करून सुटते. मधल्या काळात उंच इमारत उभी असते आणि तिच्या पुढेमागे रस्ता तेवढाच अरुंद राहतो. अग्निशमनाची गाडी कुठे अडकेल, ते नकाशावर खूण करून दाखवा.

वाढ नको, असं म्हणणं मला पटत नाही. मधल्या वस्तीत घरं हवीतच, नाहीतर तिथे काम करणारी माणसं शहराबाहेर फेकली जातात. प्रश्न असा विचारायचा की वाढीबरोबर काय येणार? तो आकड्यांत विचारा. समजा गल्लीत ३०० चौरस मीटरचे ४० भूखंड आहेत आणि एफएसआय १.१ वरून २ होणार आहे. म्हणजे १०,८०० चौरस मीटर बांधकाम वाढेल. घराला ६० चौरस मीटर धरले तर १८० घरं, घरटी चार माणसं धरली तर ७२० माणसं. माणशी रोज १३५ लिटर या सरकारी मानकानं सत्त्याण्णव हजार लिटर पाणी रोज जादा लागेल, आणि त्यातलं बहुतेक सांडपाणी होऊन त्याच जुन्या वाहिनीत जाईल. हा हिशोब अर्ध्या पानात मावतो. आपल्या गल्लीचे खरे आकडे घालून तो हरकतीला जोडा.

हरकत लिहिताना एका कागदावर एकच मुद्दा ठेवा. शीट क्रमांक, सर्व्हे नंबर, नियम क्रमांक, मग काय चूक आहे, आणि त्याजागी नेमकं काय हवं. शेवटचा भाग लोक विसरतात. 'हा रस्ता रद्द करा' एवढं लिहून थांबू नका. 'रस्ता सहा मीटरच ठेवा, भिंतीलगतचे गाळे तसेच राहू द्या, उद्यानाचं आरक्षण कायम ठेवा' असं लिहा. छापील मजकुरावर शेकडो सह्या घेता येतात, पण ज्याचं घर किंवा धंदा त्या रेषेखाली येतो त्यानं स्वतःच्या शब्दांत वेगळी हरकत द्यावी. आवक शिक्का मारलेली पोच घ्या, तिची झेरॉक्स दुसऱ्याच्या घरी ठेवा.

कलम २६ च्या आराखड्यावरची सुनावणी नियोजन समितीसमोर होते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि राज्य सरकारनं नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. लेखी हरकत दिलेल्यांनाच तिथे बोलावतात, आणि वेळ थोडा असतो. कोण काय बोलणार ते आधी वाटून घ्या, म्हणजे एकच गोष्ट दहा जण सांगणार नाहीत. मोठा छापील नकाशा आणि त्यावर लाल पेनानं केलेल्या खुणा सोबत न्या. ज्येष्ठ भाडेकरूंना, घर सांभाळणाऱ्या बायकांना बोलायला पुढे करा. पाणी किती वाजता येतं आणि कधी जातं, हे त्यांच्याइतकं कोणी सांगू शकत नाही. जे बोललात ते लिहून त्याच दिवशी समितीकडे द्या.

सुनावणी झाली की फाइल बंद करू नका. समितीचा अहवाल आल्यावर महापालिका आराखड्यात जे बदल करते त्यांची यादी प्रसिद्ध होते; त्यात आपला नंबर शोधा. पुढे कलम ३१ खाली मंजुरी देताना राज्य सरकार स्वतः मोठे बदल करू शकतं, आणि त्यावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. राजपत्र आणि महापालिकेच्या नोटिसा दर आठवड्याला पाहायचं काम वस्तीतल्या दोघांवर नावानिशी सोपवा.