नर्सचा बर्नआउट: सुट्टी घेऊनही शीण जात नसेल तर या चुका टाळा

ऑफ मिळाला, झोपही झाली, तरी उद्याच्या ड्यूटीच्या विचाराने पोटात गोळा येतो. पेशंटची बेल वाजली की आधी चीड येते. हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर त्याला नुसती दमणूक म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक यादीत बर्नआउटची नोंद केली आहे ती आजार म्हणून नव्हे, तर कामातल्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. त्याच्या खुणा तीन: अंगात त्राण नसणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटणं.

कडवटपणाला स्वभाव समजणं. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ‘मी दगड झाले’ म्हणून सिस्टर स्वतःलाच दोष देते आणि भरपाई म्हणून आणखी एक डबल ड्यूटी घेते. म्हणजे ज्याने त्रास झाला, त्याचाच डोस वाढवते.

नाईट कॉफीवर काढणं. पहाटे चारला घेतलेल्या कॉफीतलं साधारण निम्मं कॅफीन सकाळी नऊलाही शरीरात असतं. मग घरी जाऊन झोप कशी लागणार? कॉफी घ्यायचीच तर नाईटच्या पहिल्या अर्ध्यात घ्या. ब्रेकमध्ये पंधरा-वीस मिनिटांची डुलकी बरी. मात्र उठल्या उठल्या इंजेक्शन भरायला घेऊ नका, डोकं जागं व्हायला थोडा वेळ लागतो. सलग सतरा तास जागं राहिल्यावर प्रतिसादाचा वेग रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा मंदावतो. डबल ड्यूटीनंतर गाडी स्वतः चालवू नका.

‘काम फार आहे’ एवढंच सांगणं. यावर इन्चार्जकडे उत्तर ठरलेलं असतं: सगळ्यांनाच आहे. त्याऐवजी महिनाभर लिहून ठेवा: कुठल्या शिफ्टला किती पेशंट, किती नर्स, कुठला ब्रेक बुडाला, हँडओव्हर (पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती देणं) किती लांबला. मग एकच नेमकी गोष्ट मागा, जसं की नाईट संपल्यावर लगेच मॉर्निंग नको. जमलं तर दोघीतिघींनी मिळून मागा. रोस्टर, म्हणजे ड्यूटीचा तक्ता, तोच ठेवून घेतलेल्या योगवर्गाने फारसं काही बदलत नाही.

जेवण टाळणं, लघवी दाबून ठेवणं, हे तर सांगायलाच नको.

मनानेच औषध घेणं. गोळ्या हाताशी असतात, डोस माहीत असतो, त्यामुळे हा मोह नर्सला जास्त. कामाबाहेरही कशातच मन लागत नसेल, ऑफच्या दिवशीही झोप येत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं, डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं वाटत असेल तर पुढच्या ऑफची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा.