पॉलिप काढलाय? मग या चुका टाळा

कळवण, सटाणा, मालेगावकडून पॉलिपच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तरावर वाढलेल्या कोंबाच्या, डब्या नाशिकला आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये येतात, बऱ्याचदा नातेवाईकच एसटीनं घेऊन येतात, आणि एकदा भर मे महिन्यात एका डबीत फॉर्मालिनच (तुकडा सडू न देणारं द्रावण) नव्हतं, नुसतं सलाईन होतं. पेशी सडायला लागलेल्या. त्या माणसाला धड उत्तर देता आलं नाही, याचं अजून वाईट वाटतं. म्हणून डबी हातात घेतानाच विचारा, 10 टक्के फॉर्मालिन आहे ना, आणि तुकड्याच्या निदान 10 पट तरी हवं.

दुसरी चूक स्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीतून आतडं तपासायच्या, खोलीतच होते. चपटा पॉलिप काढला की लगेच गुंडाळतो, मग खालची कड कुठली ते आम्हाला कळतच नाही, तेव्हा तो तिथल्या तिथे थर्माकोलवर टाचण्यांनी पसरून लावा. तुकडे तुकडे करून काढला असेल तर चिठ्ठीवर तसं लिहा, कारण मग कड कॅन्सरपासून मोकळी आहे का हे खात्रीनं सांगता येत नाही.

आता आम्हा पॅथॉलॉजिस्टची चूक. नुसतं 'अ‍ॅडिनोकार्सिनोमा' (ग्रंथींचा कॅन्सर) लिहून पाठवलं तर सर्जननं काय करायचं? कॅन्सर सबम्युकोसात (अस्तराखालच्या थरात) शिरलाय पण स्नायूच्या थरात नाही, म्हणजे टी1, अशा 100 जणांत साधारण 10 जणांच्या लसीकागाठींत तो पोचलेला असतो, बाकीच्यांचं आतडं उगाच कापलं जाऊ शकतं. म्हणून खोली लिहा (1000 मायक्रॉनच्या पुढे काळजी वाढते), कॅन्सरपासून कड किती लांब, रक्त-लसीकावाहिन्यांत शिरलाय का, ग्रेड (पेशी किती बिघडल्यात) काय, आणि बडिंग, म्हणजे कडेला सुटे झालेले पेशींचे बारके पुंजके, ते 5 किंवा जास्त दिसले तर धोका धरायचा.

आणि फसवा प्रकार म्हणजे सिग्मॉइडमधला (गुदाशयाआधीच्या वळणदार आतड्यातला) लांब देठाचा पॉलिप, तो पिळवटतो, ग्रंथी खाली ढकलल्या जातात आणि हुबेहूब कॅन्सर वाटतो. भोवती लॅमिना प्रोप्रिया (अस्तराचाच सैल थर) आणि जुन्या रक्ताचं तपकिरी हिमोसिडेरिन दिसलं तर थांबा, तुकडा बसवलेल्या मेणाच्या ब्लॉकचे आणखी खोल काप घ्या, दुसऱ्याला दाखवा, मगच सही करा.

पेशंटनी 'हाय ग्रेड डिस्प्लेसिया' (पेशी खूप बिघडल्यात, पण अजून खाली शिरल्या नाहीत) वाचून रडारड करू नये, मोठ्या आतड्यात तो लसीकागाठींत जात नाही, पूर्ण निघाला असेल तर पुढे ठरल्या वेळी स्कोपी करायची. सेकंड ओपिनियनला परळला टाटामध्ये जाताना मात्र नुसता रिपोर्ट नेऊ नका, लॅबमधून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या.