वॉर्डात मन मोजताना: नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू किंवा मानसशास्त्र करून रुग्णालयात रुजू झालात की पहिल्या काही दिवसांतच हातात प्रश्नावल्यांचा गठ्ठा पडतो. 'वॉर्डातल्या पेशंट्सचं स्क्रीनिंग करून टाका,' एवढीच सूचना मिळते. गुणांची बेरीज कशी करायची ते कुणीही शिकवतं. विचारायचं कधी आणि कुणासमोर, हे सहसा कुणी सांगत नाही, आणि आकडा खरा की फसवा ते तिथेच ठरतं.

सर्वांत जास्त वापरात असते ती नैराश्य मोजणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. 10 किंवा त्याहून जास्त गुण आले की पुढे नीट तपासायचं. ओपीडीत ठीक चालते, वॉर्डात गोची होते. झोप, थकवा आणि भूक असे तीन प्रश्न त्यात आहेत. केमो चालू असलेल्या माणसाचे त्यातच 9 गुण भरू शकतात. तो खचलाय, की औषधांनी आणि रात्रभर जळणाऱ्या दिव्यांनी बेजार झालाय, हे बेरीज सांगत नाही.

अशीच अडचण ओळखून झिगमंड आणि स्नेथ यांनी 1983 मध्ये खास रुग्णालयासाठी हॅड्स ही प्रश्नावली केली. 7 प्रश्न चिंतेचे, 7 नैराश्याचे, आणि शारीरिक लक्षणं शक्यतो गाळलेली. प्रत्येक भागात 21 पैकी 8 ते 10 म्हणजे काठावर, 11 पासून पुढे त्रास असण्याची दाट शक्यता. तरी 'मंदावल्यासारखं वाटतं का' हा प्रश्न त्यातही आहेच. पोटाचे टाके ताजे असताना त्याला 'नाही' कोण म्हणेल? म्हणून मी बेरजेआधी प्रश्नवार उत्तरं बघते. शिवाय हॅड्ससाठी परवाना लागतो, पीएचक्यू मोफत आहे. प्रोजेक्ट करणाऱ्यांनी हे आधीच बघून घ्यावं.

आता खाटेजवळची गोष्ट. तुम्ही विचारता आईंना, उत्तर येतं मुलाकडून. "हिला कसलं टेन्शन? लिहा मॅडम, काही नाही." आई मान हलवते. सगळे शून्य. अशा वेळी मी मुलाला जन आरोग्य योजनेच्या काउंटरवर कागदांची चौकशी करायला पाठवते. तसंही ते काम राहिलेलंच असतं. तो वळला की आई हळूच म्हणते, "ताई, घरी म्हैस हाय, धार कोण काढत असंल? रात्री डोळ्याला डोळा लागत न्हाई. पोराला सांगू नका." कागद तोच, आकडा वेगळा. नातेवाईक खोटं बोलत नसतात; आईसमोर धीर दाखवणं ही त्यांची गरज असते.

वेळही सांभाळा. राउंडच्या आधी, ड्रेसिंगनंतर लगेच किंवा ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी विचारलंत, तर त्या घडीची धास्ती मोजली जाते. दुपारची जेवणं उरकल्यावर, भेटायला येणाऱ्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत, हा मला सर्वांत बरा वेळ वाटतो. स्टूल ओढून बसा. उभ्याने विचारलं की माणूस उत्तरं उरकतो.

ऑपरेशननंतर एखादे आजोबा गप्प गप्प झाले, जेवेनात, की सगळे म्हणतात 'खचले'. प्रश्नावली काढण्याआधी आज वार कोणता, आपण कुठे आहोत, एवढं विचारा. गोंधळ दिसला, सकाळी ठीक आणि रात्री भलतंच असं असेल, तर ती उदासी नसून डिलिरियम, म्हणजे आजारपणात मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ, असू शकतो. डॉक्टरांना तातडीने कळवा. तिथे प्रश्नावलीचं कामच नाही.

पीएचक्यूचा नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा आहे. त्यावर 'हो' आलं तर कुणाला फोन करायचा, पेशंटजवळ कोण थांबणार, हे पहिला कागद वाटण्याआधीच ठरलेलं हवं. एकूण बेरीज 4 असली तरी त्या उत्तरावर त्याच दिवशी हालचाल व्हायला हवी. उत्तर घेऊन कागद फाइलला लावणं, यापेक्षा न विचारलेलं बरं.

केसपेपरवर नुसतं 'पीएचक्यू 14' लिहू नका; रेसिडेंटला राउंडमध्ये त्याचा अर्थ लावायला वेळ नसतो. 'झोप व भूक आजारामुळे, पण कशातच रस नाही, मनोविकार विभागाचं मत घ्यावं' असं लिहिलंत तर रेफरन्स जातो. पुन्हा मोजायचं असेल तर पीएचक्यू दोन आठवड्यांनी. हॅड्स गेल्या आठवड्याबद्दल विचारते, त्यामुळे ती आठवड्याने चालते. तोवर बहुतेकांना डिस्चार्ज मिळालेला असतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर फॉलोअपच्या तारखेखाली टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मी स्वतःच्या हाताने, मोठ्या आकड्यांत लिहिते.