पीएलए थ्रीडी प्रिंट घासताना वितळत होता, शेवटी असं जमलं

दिवाळीच्या किल्ल्यासाठी रायगडाचा महादरवाजा थ्रीडी प्रिंट केला, पीएलएमध्ये (थ्रीडी प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक), ०.२ मिमी जाडीच्या थरांनी. बुरुजाच्या गोलाईवर थरांच्या रेषा ठळक दिसत होत्या म्हणून घरातलं रोटरी टूल (टोक वेगाने गोल फिरवणारं हातातलं छोटं मशीन) काढलं, सँडिंग ड्रम, म्हणजे सँडपेपरचा छोटा रोल, लावला आणि दोन सेकंदात बुरुजाला खड्डा, वितळलेलं प्लास्टिक ड्रमला चिकटून बसलं. खूप वाईट वाटलं, ९ तासांचा प्रिंट होता. कारण साधं आहे, पीएलए साधारण ६० अंशाला मऊ पडतं आणि ही टूल्स सगळ्यात कमी स्पीडलाही मिनिटाला हजारो फेरे मारतात, एका जागी टेकवलं की तापणारच.

मग पेनाएवढं बॅटरीवरचं सँडर घेतलं, ते फिरत नाही, टोक नुसतं पुढेमागे थरथरतं. टोकाला डबल टेपने २४० नंबरचा सँडपेपर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), दाब अजिबात द्यायचा नाही, हात सतत हलता ठेवायचा. भुकटी कोरडी पडत असेल तर बरोबर चाललंय, गोळ्या व्हायला लागल्या की थांबून गार होऊ द्या. नंतर ४००, मग फिलर प्रायमरचा (बारीक चरे भरणारा रंगाआधीचा थर) एक हात, वाळल्यावर ८०० चा वॉटर पेपर ओला करून हातानेच, कारण मशीनला पाणी लागून चालत नाही.

कमानीच्या आतल्या कोपऱ्यात सँडरही जात नाही, तिथे आईस्क्रीमच्या काडीला पेपर चिकटवून घासलं. घेताना स्पीड कमी करता येतो का आणि टोकं बदलता येतात का एवढं बघा, वॅटचा आकडा सोडा. आणि मास्क लावाच, ही धूळ फार बारीक असते.